आजींना कुणी ओळखतं का?

२०२३ च्या ऑगस्टातली गोष्ट. दुपारचे पावणेचार वाजले असतील. ऑफिसात चहा आला म्हणून हातातलं काम बाजूला ठेवलं आणि फोन उघडला. सोसायटीच्या ग्रुपवर चाळीसेक निरोप साठले होते. हा ग्रुप मी आवाज बंद करूनच ठेवलेला असतो. कुणाच्या जागेवर कुणी गाडी लावली, कुणाच्या कुत्र्यानं लिफ्टमध्ये काय केलं, यापलीकडे त्यात वाचण्यासारखं फारसं नसतं. त्या दिवशी मात्र वर एक फोटो होता. एका नीटनेटक्या दिवाणखान्यात निळ्या सोफ्याच्या अगदी कडेला एक म्हातारी बाई अवघडून बसलेली, हातात पाण्याचा पेला. खाली प्रश्न होता : ‘या आजींना कुणी ओळखतं का?’

ती माझी आई होती.

निरोप पन्नास मिनिटांपूर्वीचा होता. खाली उत्तरांची रांग लागलेली. ‘सिक्युरिटीला कळवा.’ ‘इंटरकॉमवरून विचारून पाहा.’ एकानं खात्रीनं लिहिलं होतं, ‘बी विंगमधल्या असाव्यात.’ आम्ही ए विंगमध्ये राहतो. आमच्या भिंतीला ज्यांची भिंत लागून आहे त्या गृहस्थांनी नमस्काराचे जोडलेले हात पाठवले होते. सहा वर्षं आम्ही त्या इमारतीत राहत होतो. आईचं वय तेव्हा एक्याऐंशी. दीड-दोन वर्षांपासून तिची स्मृती हळूहळू विरत चालली होती. दुपारी तिच्या सोबतीला येणारी बाई त्या दिवशी आली नव्हती आणि बायको तासाभरासाठी बँकेत गेली होती. तेवढ्यात दार उघडून आई बाहेर पडली. ती खाली जाऊन आली, की लिफ्टमध्येच वरखाली करत राहिली, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. अठराव्याऐवजी ती चौदाव्या मजल्यावर उतरली, आमच्या घराच्या बरोबर खालचं दार तिनं वाजवलं, आणि उघडणाऱ्या मुलीला विचारलं, ‘अगं, पडदे कधी बदललेस?’

त्या मुलीला मराठी जेमतेम येत होतं. लखनौकडची, लग्न होऊन वर्षभरापूर्वी इथं आलेली, घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करणारी. तिनं आईला आत घेतलं, पाणी दिलं, आपली मीटिंग सोडली आणि पन्नास मिनिटं एका परक्या बाईचा हात धरून ती बसून राहिली. तिच्याजागी मी असतो तर काय केलं असतं? बहुधा दाराला साखळी लावूनच बोललो असतो आणि खाली पहारेकऱ्याला फोन केला असता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे ते असं.

त्या रात्री मी एक हिशोब मांडला. आमच्या मजल्यावर चार घरं, अठ्ठावीस मजले, म्हणजे एकट्या ए विंगमध्ये एकशे बारा कुटुंबं. त्यांपैकी किती जणांची नावं मला येतात? सेक्रेटरी, खजिनदार, आणि वरच्या मजल्यावरचे एक डॉक्टर, तेसुद्धा पाटीमुळे. संपलं. वास्तविक माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलेलं. आमच्या चाळीतल्या बहात्तर बिऱ्हाडांची नावं, गावं, नोकऱ्या, कुणाकडे कुठल्या देवाचं काय असतं आणि कुणाच्या घरी कधी भांडी आपटतात, हे मला आजही घडाघडा सांगता येईल. १९९१ मध्ये आम्ही ती खोली सोडून डोंबिवलीला चार मजली इमारतीत गेलो. तिला लिफ्ट नव्हती. २०१७ मध्ये मुलाच्या आग्रहानं घोडबंदर रोडवरच्या या टॉवरमध्ये आलो. गिरगाव, डोंबिवली, घोडबंदर. मुंबईतल्या किती मराठी घरांचा हाच नकाशा असेल! जागा दर वेळी वाढली, ओळखी दर वेळी घटल्या.

असं म्हटलं की लोक चटकन माणसांना दोष देतात. माणसं पूर्वीसारखी राहिली नाहीत, सगळे स्वार्थी झाले, वगैरे. मला ते पटत नाही. माणसं तीच आहेत. मी तोच आहे. बदलली ती घराची रचना. चाळीत ओळख करून घ्यावी लागत नसे, ती अंगावर येऊन आदळत असे. एक सामाईक गॅलरी, तिच्यावर उघडणारी ओळीनं दारं, टोकाला संडास, आणि पहाटे ठरलेल्या वेळी येणारं पाणी. आपल्या दारापासून जिन्यापर्यंत जायचं तर सात घरं ओलांडावी लागत, आणि सातही दारं उघडी. दार बंद असलं तर आत कुणीतरी आजारी आहे किंवा भांडण चाललं आहे, असा अर्थ होई.

अमेरिकेतल्या लिओन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तीन संशोधकांनी १९५० मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं होतं. एमआयटी या संस्थेतल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कुणाची कुणाशी मैत्री झाली, याचा त्यांनी अभ्यास केला. आवडीनिवडी, स्वभाव वगैरे राहिलं बाजूला. मैत्री मुख्यतः ठरली होती ती दारांवरून. लगतच्या दाराशी सगळ्यात जास्त, एक दार सोडून कमी, टोकाच्या दाराशी फारच थोडी. जिन्याच्या किंवा टपालपेट्यांच्या जवळ राहणाऱ्यांच्या ओळखी अधिक, आणि ज्यांचं दार अंगणाकडे न उघडता रस्त्याकडे उघडत होतं ती कुटुंबं इतरांच्या मानानं एकटी. चाळीतल्या कुठल्याही काकूंनी हे अभ्यासाशिवाय सांगितलं असतं, हा भाग वेगळा.

आता आमचा टॉवर पाहा. कुठल्याही दोन घरांची दारं समोरासमोर येणार नाहीत, ही बिल्डरच्या जाहिरातीतली अभिमानाची ओळ होती आणि आम्ही तिचे पैसे मोजले. पार्किंगमधून लिफ्ट, लिफ्टमधून दार. लिफ्टमध्ये पंचवीस सेकंद, त्यातही प्रत्येकाची नजर आकड्यांवर किंवा फोनवर. येणाऱ्या पाहुण्याची नोंद गेटवरच्या ॲपवर होते, त्यामुळे ‘अमक्याचं घर कुठलं हो?’ असं विचारत कुणी चुकूनही दुसऱ्याचं दार वाजवत नाही. पाणी चोवीस तास. मग कुणाला कुणाची गरज ती कशासाठी पडावी?

मला विचाराल तर शेजार टिकला होता तो विरजणावर. दूध तापवून निवत ठेवलं आणि विरजण नाही असं लक्षात आलं, की वाटी घेऊन शेजारी जायचं. हा काही उपकार नव्हे, कारण चार दिवसांनी तीच वाटी उलट दिशेनं येणार. शिवाय शेजाऱ्याची वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा अलिखित कायदा. दोन खोबऱ्याच्या वड्या, चार करंज्या, अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर. म्हणजे हा हिशोब कधी मिटायचाच नाही, आणि त्यातच सगळी मेख होती. आता दही दहा मिनिटांत दाराशी येतं, तेही आणणाऱ्या मुलाचा चेहरा न पाहता. माझी तक्रार नाही. रात्री अकरा वाजता ताप उतरायची गोळी अशीच मागवून मी आईला दिलेली आहे. पण वाटी गेली ती गेलीच.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा गृहस्थ आता चाळीचे गोडवे गाणार. थांबा. माझी आई, तिची स्मृती शाबूत होती तोवर, चाळीचं कौतुक ऐकलं की ताडकन म्हणायची, ‘तुम्हा पुरुषांना काय जातंय?’ बहात्तर बिऱ्हाडांना मजल्यागणिक मोजके संडास. रात्री-अपरात्री बाईमाणसाला तिथवर जायचं तर सोबत कोणाला तरी उठवायचं. पाहुणे आले की कपडे बदलायला जागा नाही. आणि सगळ्यात वाईट, सतत रोखलेले डोळे. माझी आत्या १९७६ मध्ये सासर सोडून आमच्याकडे आली. कारण काय होतं ते घरातही कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत गॅलरीत पाच वेगवेगळी कारणं फिरत होती. पुढची तीन वर्षं आत्या उजेड असेपर्यंत गॅलरीत आली नाही. पहाटे चारला उठून सगळ्यांच्या आधी पाणी भरायची आणि आत जायची. तिला वेळेला औषध आणून देणारी माणसं तीच, आणि तिला खोलीत कोंडणारी माणसंही तीच. आत्याला माझ्या या टॉवरमधलं घर मिळतं, तर तिनं देवाचे आभार मानले असते. कुणी ओळखत नाही, हीच तिच्यासाठी केवढी मोकळीक!

जवळ राहिल्यानं माया लागतेच असंही नाही. मुंबई विकास खात्यानं १९२० च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या बीडीडी चाळी घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून दोनशे सात इमारती. मधून बोळ, दोन्ही बाजूंना एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्या. गणपती, कबड्डी, बाबासाहेबांची जयंती, संपाच्या दिवसांत एकमेकांना दिलेलं पीठ-मीठ, हे सगळं तिथलं. आणि जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत जी दंगल उसळली, तीही याच चाळींमधली. एका जिन्यानं चढणाऱ्या लोकांनी एकमेकांवर दगड, सोडावॉटरच्या बाटल्या फेकल्या. रोजची ओळख होती, तिचा उपयोग झाला नाही. आजच्या सोसायट्यांमध्येही नव्या भाडेकरूला पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा ताटातल्या पदार्थांचा असतो, हे आपण सगळे जाणतो. शेजार म्हणून ज्याचे गोडवे गातो, त्यात कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणारं एक दार कायम होतं. चाळीची दारं उघडी असतानाही ते होतं.

त्याच वरळीच्या चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या उंच इमारतींमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांवरून पाचशे. घरात स्वतःचा संडास. तीन पिढ्यांनी बोळाच्या टोकाशी रांगा लावल्यानंतर हे मिळालं आहे. त्यावर कुणी नाक मुरडू नये. मला फक्त त्यातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण येते. बोळात पाट टाकून बसायची ज्यांची जागा ठरलेली होती, ती आता तिसाव्या मजल्यावर कुठे पाट टाकतील?

संकटात मात्र मुंबईकर एक होतो, असं अभिमानानं सांगितलं जातं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी कुर्ल्याला अडकलो. तळमजल्यावरच्या ज्या कुटुंबानं आम्हा अकरा जणांना रात्रभर वरच्या मजल्यावर आपल्या नातलगांकडे नेऊन ठेवलं, गरम खिचडी घातली, त्यांचं नावही मी विचारलं नाही. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजवायला सगळे बाल्कनीत आले, तेव्हा समोरच्या विंगमध्ये इतकी माणसं राहतात हे आम्हाला पहिल्यांदा दिसलं. पुढच्या दोन महिन्यांत खालून भाजी आणणं, एकट्या म्हाताऱ्यांचे डबे, सगळं झालं. टाळेबंदी उठली आणि तीच माणसं पुन्हा लिफ्टमध्ये आकड्यांकडे बघायला लागली. संकटातली माणुसकी मला खोटी वाटत नाही. पण ती अनोळखी माणसाबद्दलची माणुसकी असते. आईला त्या दुपारी हवं होतं ते वेगळंच होतं. ‘अरे, या तर अठराव्या मजल्यावरच्या’ एवढं एक वाक्य. ते बोलायला चांगुलपणा लागत नाही, नुसती माहिती लागते.

तेव्हा २०२४ च्या संक्रांतीला मी आणि आई तिळगुळाचा डबा घेऊन निघालो. बायको म्हणाली, आधी ग्रुपवर कळवा. मी म्हटलं, नको. पहिल्याच दाराशी कॅमेऱ्यातून आवाज आला, ‘बाहेर ठेवून द्या.’ त्यांना आम्ही सामान पोचवणारे वाटलो. मी तिळगुळाची पुडी त्यांच्या चपलांच्या कपाटावर ठेवली. दुसऱ्या दारात एक गृहस्थ पाकीट हातात घेऊनच आले, ‘किती वर्गणी?’ तिसऱ्यांनी विचारलं, कुठल्या पक्षातर्फे? ज्यांनी जोडलेले हात पाठवले होते ते आमचे लगतचे शेजारी आईला पाहून इतके ओशाळले, की त्यांनी आम्हाला तासभर उठूच दिलं नाही. ते रत्नागिरीचे निघाले, आईचं माहेर लांज्याचं. मग काय विचारता! सहा वर्षं एका भिंतीला दोन्ही बाजूंनी डोकं टेकून झोपत होतो आम्ही. सोळाव्या मजल्यावर मात्र एका तरुणानं स्पष्ट, पण सभ्यपणे सांगितलं, की त्याला घरी कुणी आलेलं आवडत नाही. आजींना मात्र तो लक्षात ठेवील. मला तो आवडला. त्यानं दार लावून घेतल्यावर मला माझी आत्या आठवली. नुसतं तोंडओळखीवर थांबायचा हक्कही माणसाला हवा, आणि तो हक्क न दुखावता म्हातारीचा मजला सांगणारं कुणीतरीही हवं.

त्या दिवशी आम्ही एकोणीस घरं केली. आईला त्यांतलं एकही आठवत नाही. पण त्यांना ती आठवते, आणि कामाचं तेच आहे. तेव्हापासून आजवर ती चार वेळा एकटी बाहेर पडली. चारही वेळा दहा मिनिटांच्या आत तिला कुणीतरी हाताला धरून वर घेऊन आलं. एकदा तर आठव्या मजल्यावरचा सहावीतला मुलगा. चपलांच्या कपाटावर पुडी ठेवली होती त्या घरातून दुसऱ्या दिवशी खजुराची डबी आली. चौदाव्या मजल्यावरच्या मुलीला मी आभार मानायला गेलो तेव्हा बायकोनं स्टीलच्या वाटीत गुळपोळीचे तुकडे दिले होते. ती वाटी शेवयांची खीर घेऊन परत आली. मग आमच्याकडून मोदक गेले. मध्ये एकदा ती वाटी तीन आठवडे आमच्याकडेच राहिली, तर आई रोज विचारायची, ‘ही कुणाची? रिकामी देऊ नकोस हं.’ मुलाचं नाव ती विसरली आहे. हे विसरलेली नाही.

या सगळ्यातून मला एक खूळ लागलं. प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ एक बाक ठेवावा, असा अर्ज मी सोसायटीला दिला. म्हातारी माणसं बसतील, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील, एवढाच हेतू. सेक्रेटरी भले गृहस्थ. त्यांनी समजावून सांगितलं, की जिना आणि लिफ्टपुढची जागा आगीच्या वेळी मोकळी लागते, तिथं काही ठेवता येत नाही. चपलांच्या कपाटांवरूनच आधी नोटिसा गेल्या आहेत. हे त्यांचं बरोबर आहे. मग मी अर्ज बदलला. तळमजल्यावर लिफ्टच्या समोर, जिथं सध्या प्लॅस्टिकच्या फुलांची मोठी कुंडी आहे, तिथं दोन बाक टाकावेत. यावर एका सभासदाची लेखी हरकत आली आहे : बाक ठेवल्यास लोक तिथं बसतील.

आता हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आहे. ही सभा तीस सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि आमच्याकडे ती नेहमी शेवटच्या रविवारीच होते. साडेतीनशेच्या आसपास सभासद, गणसंख्येला वीस पुरतात, आणि तेवढेही कधी वेळेवर जमलेले मी पाहिले नाहीत. या खेपेला मी आईला घेऊन जाणार आहे. नोटिशीच्या तळाशी नेहमीचीच ओळ असेल : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासानंतर त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही.